फ्रेझर नदीत जाळे बदलायला हवे

महोदय,

रविवारच्या पुरवणीत कॅनडातील सामन माशांवर आलेला लेख वाचला. मासे घटले, तेव्हा मासेमारी बंद करा, असा त्याचा सूर आहे. मी मूळचा मालवणचा, आता फ्रेझर नदीच्या काठी राहतो. नारळी पौर्णिमेपर्यंत होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या पाहतच लहानाचा मोठा झालो, त्यामुळे बंदीचे मोल जाणतो. पण फ्रेझरचे दुखणे एवढ्याने बरे होणारे नाही.

पावसाळा सरला की इकडे चम जातीचा सामन नदीत चढू लागतो. त्याच आठवड्यांत, त्याच पाण्यातून सामनच्याच कुळातला स्टीलहेड मासाही थॉम्पसन आणि चिलकोटिन या उपनद्यांकडे निघालेला असतो. २०१८ मध्ये कॅनडाच्या तज्ज्ञ समितीने या दोन्ही उपनद्यांचे स्टीलहेड नष्ट होण्याच्या बेतात असल्याचे सांगितले. पुढच्याच वर्षी केंद्र सरकारने त्यांना कायद्याचे संरक्षण नाकारले, याची खंत मला अजून आहे. समुद्रातले बदलते हवामानही त्यांच्या मुळावर आले आहे, हे खरे. पण जाळे तर आपल्या हातात आहे ना? कांडाळीत, म्हणजे पाण्यात उभ्या लावलेल्या जाळ्यात, मासा कल्ल्यांपाशी अडकतो आणि गुदमरतो. चमसाठी लावलेल्या कांडाळीत स्टीलहेड आला, तर वर काढेपर्यंत अनेकदा तो संपलेला असतो. स्टीलहेड जाण्याच्या सुमारास नदीच्या एकेका टप्प्यात जाळी बंद ठेवतात. पण त्या तारखा अंदाजाच्या, आणि थोडे मासे पुढेमागे येणारच.

म्हणून मासा जिवंत हाती येईल असे साधन हवे. आपली रापण आठवा. आपण ती वाळूवर ओढून काढतो. इथे तशाच जाळ्याचा घेर उथळ पाण्यात थांबवतात, हवा तो मासा हाताने उचलतात आणि बाकीचे सोडून देतात. उत्तरेला नास नदीवर निसगा लोकांची मासेचाके आहेत: रहाटगाडग्यासारखी प्रवाहावर फिरतात, मासा टोपलीतून घसरून पाण्याच्या पेटीत पडतो. मोजायचा, राखायचा की सोडायचा, ते मग माणूस ठरवतो.

तरी एक अडचण राहतेच. सॉकआय ही सामनचीच आणखी एक जात. फ्रेझरच्या खोऱ्यातल्या कल्टस तलावाचा सॉकआय वाचवायचा, तर तो आणि इतर सॉकआय दिसायला सारखेच. हाताने निवडणार कसे? तिथे मासेमारीची जागाच बदलावी लागते, मासे आपापल्या तलावाकडे वळून वाटा वेगळ्या झाल्यावर त्या त्या नदीत. उत्तरेकडच्या स्कीना नदीच्या खोऱ्यात बबीन नदीवर तिथले मूलनिवासी पूर्वापार हेच करत. नदीत लाकडी कूड घालून आपल्याच तलावाचा मासा धरत. स्कीनाच्या मुखाशी असलेल्या, मासे डबाबंद करणाऱ्या कारखान्यांनी तक्रारी केल्या, सरकारने १९०६ च्या करारात ते कूड काढायला लावले आणि बदल्यात त्यांच्या हाती जाळी दिली! ज्यांना निवडून धरता येत होते, त्यांनाच सरसकट धरायला लावले.

कॅनडा सरकारने २००१ मध्येच निवडक मासेमारीचे धोरण जाहीर केले होते. कांडाळ सोडणाऱ्याला नवे जाळे, जास्तीची माणसे आणि सुरुवातीच्या कमी मासळीचा तोटा सोसावा लागतो. तो भार एकट्या मच्छीमारावर टाकू नये. लेखकांनी पुढच्या लेखात या मच्छीमारांशीही बोलावे, ही विनंती.

— मालवणचा एक वाचक, ब्रिटिश कोलंबिया, कॅनडा