म्हण आता ते गाणं

माद्रिद

ती. आईस,
शि. सा. नमस्कार.

काल रात्री एक सिनेमा पाहिला आणि तुझी इतकी आठवण आली की फोनवर बोलून भागेना. नाव 'ला यामादा', म्हणजे 'हाक'. सेगोव्हियाच्या बाजूला नन्सनी चालवलेलं मुलींचं उन्हाळी शिबिर. मारिया आणि सुसाना या दोघी नाचगाण्याच्या वेड्या. आणि त्या मारियाला रात्री चक्क देव दिसतो गं! झगमगीत कपड्यांत येतो आणि व्हिटनी ह्यूस्टनची गाणी म्हणतो. उपदेश नाही, नुसता गातो.

हसता हसता माझे डोळे भरून आले. नौपाड्यातलं माझं संस्कार शिबिर आठवतं ना? सूर्यनमस्कार, रामरक्षा, मग गीतेचा पंधरावा अध्याय, वीसही श्लोक पाठ. स्टीलच्या पेल्यात कोकम सरबत, तळाशी राहिलेली साखर आम्ही बोटाने पुसून खायचो. सतरंजी झटकताना मी सिनेमातलं गाणं म्हटलं, तर शिबिरातल्या बाईंनी सगळ्यांसमोर उभं केलं. घरी येऊन किती रडले! तू काही विचारलं नाहीस. तलावपाळीला नेलंस, कोपिनेश्वराच्या पायरीवर बसवलंस आणि म्हणालीस, "म्हण आता ते गाणं." आत आरतीची घंटा चालली होती, मी हळूच म्हणत होते आणि तू मांडीवरच्या भाजीच्या पिशवीवर ठेका धरला होतास.

सिनेमात मिलाग्रोस नावाची तरुण सिस्टर आहे, तीही गाण्यांत रमणारी. तिच्यात मला तूच दिसलीस.

बाबांना सांग, हे मूळचं संगीत नाटक. २०१३ साली इथल्या लारा थिएटरच्या प्रवेशदालनात सुरू झालं, मुख्य रंगमंचावरही नाही. सिनेमा २०१७ चा. गडकरीला एक नाटक चुकवत नाहीत ते, त्यांना हे फार आवडेल.

दादा म्हणत होता, चिऊला यंदा शिबिराला घालतोय. जरूर घाल म्हणावं. त्या वयात जिभेवर बसलेली रामरक्षा मला इथे मेट्रोत अजून सोबत करते. पण चिऊ तिथून काहीबाही गुणगुणत आली, तर दादाला तिच्यावर ओरडू देऊ नकोस. संध्याकाळी तिला त्या पायरीवर घेऊन जा.

गोळ्या वेळेवर घे. बाबांना नमस्कार, चिऊला गोड पापा.

तुझी,
धाकटी