बंड्या, एक कोरा पत्रा पाठवतोय

विश्रामबाग, सांगली
17 मार्च, रात्री साडेअकरा

प्रिय बंड्या,

फोनच करणार होतो. तीनदा तुझं नाव काढलं आणि तीनदा ठेवून दिला. फोनवर सुरुवात केली की तू मध्येच "मी म्हटलं नव्हतं?" म्हणणार, मी भडकणार, आणि पुन्हा दीड वर्ष असंच जाणार. म्हणून कागद घेतला. घरी सगळे ठीक. आईचं बीपी गोळीवर आहे. माझं काही नाही.

पोरीचं, चिमीचं, बोट कापलं. उजव्या हाताची तर्जनी, तीन टाके. घाबरू नकोस, बोट व्यवस्थित वाकतंय, टाके परवा निघाले. पण कापलं ते आपल्या रिमोटच्या ट्रकवर. आणि ज्या मोटरवरून आपण एकमेकांवर फोन आपटले, त्याच मोटरपाशी.

पहिल्यापासून सांगतो, नाहीतर तुला कळणार नाही.

2019 च्या ऑगस्टात आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांच्या वर गेलं, तेव्हा गावभागातल्या खोलीत ट्रक पाच दिवस बुडून होता, हे तुला माहीत आहे. चेसिस वाचली, डिफरन्शिअल उघडून धुतली, जुनी ब्रशवाली मोटर मात्र गंजून गोळा झाली होती. तू म्हणालास, चार पोलची इनरनर घे, आतला भाग फिरणारी, बंद डब्यातली, 36 मिलिमीटरची, दोन स्क्रूवर बसते, विषय संपला. मी म्हणालो, आउटरनर, बाहेरचा कॅनच फिरणारी. ते भांडण मला अजून शब्दाशब्दानं पाठ आहे. तू म्हणत होतास की केव्ही, म्हणजे एका व्होल्टमागे मिनिटाला फेरे, सारखा असेल तर एका अँपिअरमागे टॉर्क सारखाच मिळतो, मोटर आतून फिरो नाहीतर बाहेरून. ते बरोबरच आहे, मी तेव्हाही मनातून मानलं होतं. माझं म्हणणं एवढंच होतं की चुंबकं बाहेरच्या कॅनला, म्हणजे आसापासून लांब असली की कमी केव्हीची मोटर जाड तारेत गुंडाळता येते, आणि तेवढाच टॉर्क कमी तापून मिळतो. साडेचार किलोचा ट्रक दगडावर चढवायचा तर तेच लागतं. दोघंही बरोबर होतो रे. फक्त दोघांनाही तसं म्हणायचं नव्हतं.

तर मी आउटरनर आणली. रिमोटच्या विमानाचीच. 42 मिलिमीटर कॅन, 12 स्लॉट, 14 चुंबकं, 5 चा शाफ्ट, 1100 केव्ही. तुझा पहिला प्रश्न मला ठाऊक आहे: शाफ्ट कुठल्या बाजूला? पंख्याच्याच बाजूला होता. ग्रब स्क्रू सोडले, कॅनचं टोक थोडं गरम केलं, व्हाइसमध्ये धरून शाफ्ट दाबत दाबत माउंटच्या बाजूला काढला. दुपार गेली त्यात. कुपवाडच्या लेथवाल्या अण्णांनी 6 मिलिमीटर अॅल्युमिनियमची प्लेट कापून दिली, पिनिअन, म्हणजे शाफ्टवरचं दातेरी चाक, मागंपुढं करायला लांबट भोकं पाडून. अण्णा विचारत होते, "तो दुसरा कुठाय? वाद घालणारा?" अण्णांना वाद पाहिजे होता, मी एकटा गेलो तर त्यांना करमेना. चहासुद्धा अर्धाच पाजला.

ही मोटर एकाच तोंडाला धरलेली, बाकी सगळा कॅन लोंबकळता, म्हणून मागच्या टोकाला एक बेअरिंग बसवून आधार दिला, नाहीतर पहिल्याच उडीत कॅन डगमगला असता. तीन वायरी प्लेटला बांधून टाकल्या, फिरत्या कॅनला लागू नयेत म्हणून. विमानाचा ईएससी, म्हणजे मोटरचा वेग सांभाळणारा डबा, चालत नाही, त्याला रिव्हर्स नसतो, गाडीचा घेतला. पण 14 चुंबकं म्हणजे सात जोड्या, मोटरचे फेरे गुणिले सात एवढ्या वेगानं त्याला विजेचे फेरे काढावे लागतात. पूर्ण चार्ज 4एसवर, म्हणजे चार सेलच्या बॅटरीवर, ते मिनिटाला सव्वा लाखाच्या वर जातात. ते त्याच्या पुस्तकात बघूनच घेतला. पिनिअन 15 दात्यांचं, ते फिरवतं तो स्पर 54 चा, डिफरन्शिअल धरून मोटरचे साधारण सव्वादहा फेरे तेव्हा चाकाचा एक, चाक 14 सेंटीमीटर. बॅटरीच्या नेहमीच्या 14.8 व्होल्टला कागदावर ताशी 42 किलोमीटर येतात. आपण सायकलवरून कधी एवढे गेलो नाही.

आणि बंड्या, चालला रे! गेल्या वर्षभर असा चालला की तुला दाखवायला जीव तुटायचा. उभ्या दगडावर पुढची चाकं टेकवून बोट नुसतं दाबायचं, सरळ वर. पंधरा मिनिटांनी मोटर मोजली तर 62 अंश. साध्या निओडिमियम चुंबकांना 80 च्या पुढं नेऊ नये, तर अजून किती जागा होती बघ. मी तेव्हाच तुला कळवायला हवं होतं. नाही कळवलं. कारण कळवणं म्हणजे "मी जिंकलो" असं झालं असतं, आणि मला तसं व्हायला नको होतं. की हवं होतं? तेच मला कळेना झालंय, आणि तेच विचारायला हे पत्र.

गेल्या महिन्यात चिमी म्हणाली, हरिपूरला नेऊ. संगमेश्वराच्या खाली, जिथं कृष्णेला वारणा मिळते तिथल्या वाळूत. मी इतकी वर्षं मातीतच चालवायचो, वाळूत कधी नेला नव्हता. दहा मिनिटं मस्त गेली. चिमीनं एक उडी अशी मारली की पलीकडं म्हशी धुणारा माणूस पाण्यातून टाळ्या वाजवायला लागला आणि त्याची एक म्हैस निघून चालली. मग कर्र कर्र आवाज यायला लागला. कमी वेगात झटके. आडवा करून बघतो तर कॅनला दाढी आलेली. काळीभोर, बारीक, ताठ उभी.

ओळखलंस? आपली लोखंडी वाळू.

मला तिथंच वाळूत बसावंसं वाटलं. आठवतं ना, तुमच्या रेडिओचा स्पीकर फोडून काढलेलं ते चुंबक, सुतळीला बांधून घाटावर ओढत न्यायचो आणि कागदावर झटकून मूठभर काळी पूड जमवायचो? तू म्हणायचास, ह्याचं वितळवून आपण तलवार करू. मावशींनी रेडिओचं विचारलं तेव्हा मार तू खाल्लास, मी कठड्यामागं लपलो होतो. मग अकरावीत कळलं की ते मॅग्नेटाइट, सह्याद्रीच्या काळ्या कातळात असतं, कातळ झिजला की नदीतून खाली येतं. म्हणजे कृष्णा आपल्यासाठी महाबळेश्वरापासून लोखंड आणते, असं तू वर्गात सांगितलं होतंस आणि सर हसले होते. आणि मी, ज्यानं सात वर्षं त्या वाळूत चुंबक ओढलं, त्यानं 14 उघडी चुंबकं तिथं नेऊन फिरवली! मोटर निवडताना टॉर्क पाहिला, केव्ही पाहिला, तापमान पाहिलं. वाळू आठवली नाही.

घरी आलो. ट्रक स्टँडवर, चाकं वर. फुंकून ते कण निघत नाहीत, चुंबक सोडतच नाही. चिकटपट्टीनं वरवरचे निघाले. चिमी म्हणाली, पुरीच्या घट्ट कणकेचा गोळा लावू या. अगदी छान सुचलं होतं तिला. मी कणीक आणायला आत गेलो, आणि जाताना रिमोट बंद केला. ट्रकची बॅटरी जोडलेली होती.

तू आत्ता डोळे मिटले असशील.

आपल्या पेटीच्या झाकणावर तूच लिहिलं होतंस, लाल मार्करनं: "आधी रिमोट चालू, मग गाडी. बंद करताना आधी गाडी, मग रिमोट." त्याच्याखाली मी मिशा काढल्या होत्या म्हणून तू दोन दिवस बोलला नव्हतास. पुरात पेटी गेली, झाकण गेलं. मला वाटायचं, नियम डोक्यात आहे.

रिसीव्हर नवा होता. झटक्यांची तपासणी करताना थ्रॉटलचा ट्रिम, म्हणजे शून्याची जागा, थोडा पुढं सरकवला होता आणि तसाच रिसीव्हर रिमोटशी बाइंड केला, जोडून टाकला, म्हणजे फेलसेफमध्ये तेच साठवलं गेलं. रिमोट गेला की गाडीनं थांबायच्या ऐवजी हळू पुढं जायचं. पण मोटर वाळूनं अडकलेली, म्हणून ती फिरली नाही, नुसती थरथरत राहिली. चिमीला वाटलं, ईएससीचाच आवाज. मी कणीक देऊन पुन्हा आत टॉर्च आणायला गेलो. तिनं गोळा दाबला, ओढला, कण सुटले, मोटर मोकळी झाली आणि फिरली. बोट कॅन आणि प्लेटच्या मध्ये. त्या प्लेटची एक कड घासायची राहिली होती. अण्णांनी सांगितलंही होतं, "कड घासून घ्या." ओरडली नाही रे ती. बाहेर आलो तर पांढऱ्या कणकेकडं बघत उभी होती, आणि कणीक लाल.

आता लोक मला वेगवेगळं सांगतात. आमच्या हिनं एक अक्षर बोललेलं नाही, तेच जास्त आहे. मेहुणा म्हणतो, विकून टाक. मी स्वतःला सांगतो की चूक फेलसेफची, ट्रिमची, कडेची, रिमोटची, मोटरची नाही. बॅटरी काढली असती तर ती मोटर म्हणजे लोखंडाचा ठोकळा. हे खरं आहे. पण हेही खरं आहे की इनरनर असती तर वाळू आत गेली नसती, आणि बोट घालायला बाहेर काही फिरत नसतं. तू हे दोन्ही म्हणाला होतास. "घरात पोरगी आहे तुझ्या," असंही म्हणाला होतास, तेव्हा ती पाच-सहा वर्षांची होती, आणि मी त्यावर फोन ठेवला होता. त्याच वाक्यावर ठेवला होता.

मोटर चांगली म्हणून बसवली, की तू नको म्हणालास म्हणून? रात्री हेच फिरत राहतं. दुसऱ्या कुणाला विचारता येत नाही, कारण दुसरं कुणी तिथं नव्हतं.

आणि गंमत बघ, चिमीला मोटर बदलायची नाही. म्हणते, जाळी लावू. जाळी करून बघितली, बारीक तारेची, पण बंदिस्त झाल्यावर तेवढ्याच वेळात 71 अंश. अजून ऊन चढायचंय, मे महिन्यात 80 ला टेकेल. पिनिअन 13 चं केलं तर वेग साडेपाचएक किलोमीटरनं उतरेल, तापणंही उतरेल. किंवा सरळ तुझी इनरनर. प्लेटला 25 मिलिमीटरवर दोन भोकं पाडली की झालं. मी दोन्ही करायला तयार आहे. चिमी म्हणते, "काकांना विचारा, काकाच सांगतील." तू तिला शेवटचा भेटलास तेव्हा तिचे पुढचे दात नव्हते. तरी तिला माहीत आहे की ह्यातलं काकांना विचारायचं असतं.

ती ट्रकजवळ येते. पण हात पाठीमागं बांधून येते. ते मला बघवत नाही.

तुझं कसं चाललंय? बडोद्याची बदली कायम झाली का? मावशींच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं हे मला गावभागातून कळलं, तुझ्याकडून नाही, चूक माझीच. वहिनींना नमस्कार. थोरल्याची दहावी ना यंदा? भडंग पाठवलाय, दोन किलो, त्यातला एक मावशींचा, तू हात लावू नकोस.

पार्सलात पुठ्ठ्यामागं एक अॅल्युमिनियमचा पत्रा आहे. जाळीच्या कामातून उरलेला. चारी कडा मी स्वतः घासल्यात, हात फिरवून बघ. नवी पेटी घेतली आहे, हा तिच्या झाकणाला आतून बसेल. लाल मार्कर सोबत ठेवलाय. तुझ्या अक्षरात लिहून पाठव. खाली जागा सोड, चिमीला मिशा काढायच्या आहेत.

तुझा,
पप्या