बंड्याचं अक्षर

सांगली, रविवार

प्रिय शिरीष,
सप्रेम नमस्कार.

तुझ्या दोन पत्रांना उत्तर नाही दिलं. रागावला असशील. आईचे गुडघे तसेच, माझी शुगर ठीक. मंगळवारी विजयनगरच्या कोर्टात दिवसभर बसून आलो. त्यानंतर तुझ्याशिवाय कुणाशी बोलावंसंच वाटेना.

बंड्याच्या पतसंस्थेचा चेअरमन, म्हणजे साहेब, माफीचा साक्षीदार झाला. पिंजऱ्यात उभं राहून शांतपणे म्हणाला, बोगस नावांनी ठेवी तारण दाखवून कर्जं काढली, नोंदी बंडोपंतांनी केल्या. मग सरकारी वकिलांनी कीर्द उघडली. लेका, मी तिसऱ्या बाकावरून ओळखलं. तोच शेपटी ओढलेला 'र', तीच आकड्यांची ओळंब्यात रांग. तुझ्या लग्नाची पाकिटं ह्याच अक्षरात गेली होती (मास्तरांच्या पाकिटावर ह्यानं 'सहकुटुंब' लिहिलं आणि मास्तर सतरा जणांना घेऊन आले!). न्यायाधीशांनी विचारलं, अक्षर कुणाचं? बंड्यानं मान खाली घातली.

माफीच्या साक्षीदाराच्या एकट्या शब्दावर कोर्ट भिस्त ठेवत नाही, प्रत्येक आरोपीपुरता स्वतंत्र दुजोरा बघतं. गांधीहत्येच्या खटल्यात माफीचा साक्षीदार बडगेच्या साक्षीला तसा दुजोरा मिळाला नाही, म्हणून सावरकर 1949 साली निर्दोष सुटले. नियम चांगलाच आहे. पण आपल्या इथं हुकूम सगळे तोंडी. "लिही रे, व्हाउचर संध्याकाळी देतो." ती संध्याकाळ कधी आलीच नाही. त्यामुळे चेअरमनविरुद्ध एक चिठ्ठी नाही आणि बंड्याविरुद्ध तीन वर्षांच्या कीर्दी. ज्यानं लिहिलं तो अडकला, ज्यानं लिहायला लावलं तो जामिनावर होताच, आता माफी घेऊन घरी.

मी वकिलांना विचारलं, बंड्यानं गुन्हा कबूल करून शिक्षेत तडजोड मागितली तर? 2006 पासून ती सोय आहे, पण सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यांना. बंड्यावर लावलेल्या कलमाला जन्मठेपेपर्यंत आहे. मग आधी त्यालाच माफी का नाही मिळाली? वकील म्हणाले, सांगण्यासारखं त्याच्याकडे होतं काय?

तेव्हा तू आठवलास. 2015 च्या डिसेंबरात मुंबईच्या कोर्टानं 26/11 च्या कटातल्या हेडलीला माफी दिली, तेव्हा आयर्विन पुलावर आपण कसे भांडलो होतो! मी म्हणत होतो, आतला माणूस फुटल्याशिवाय कट उघडा पडत नाही. तू म्हणालास, मग जो जितका आत, त्याचा भाव तितका जास्त. अमेरिकेत कबुली देतानाच हेडलीनं भारताच्या ताब्यात न देण्याची हमी पदरात पाडून घेतली होती. मी तीन महिने तुला फोन केला नाही. तुझं बरोबर होतं, शिऱ्या.

पूर्ण बरोबर, असंही म्हणवत नाही. मावशीचे दोन लाख त्यात आहेत. साहेब बोलला म्हणूनच पैसा कुठं गेला ते कळतंय, आणि खोटं बोलल्याचं ठरलं तर माफी जाते. पण त्याला खोटं बोलायची गरजच नाही. फक्त "लिही" हा शब्द गाळला की झालं.

काल बंड्या पोस्टात भेटला. फॉर्म माझ्यापुढे सरकवला, म्हणाला, तू भर.

ओंकारचं दहावीचं कसं चाललंय? वहिनींची बदली झाली का? भडंग पाठवतो.

पुढची तारीख चौदाची आहे, साहेबाची उलटतपासणी. जमलं तर आदल्या रात्रीच ये, घरीच उतर. बंड्याला मी काही बोललेलो नाही.

तुझा,
विन्या