सुमे, त्या थेंबांचं खरं खरं सांगते

सेलू, रविवार दुपार

प्रिय सुमे,

तुझा मेसेज वाचून आधी हसूच आलं, "तू भांग घ्यायलीस म्हणे?" असं कुणी विचारतं का गं. आणि वर तुझ्या डोकेदुखीला हेच चालंल का म्हणून विचारलंस. आमच्या सासूबाईंनी तुझ्या आईला सांगितलं, आईनं तुला, आता जिंतूरपर्यंत गेलं असंल. मोबाईलवर एवढं टाईप करायचं म्हणजे अंगठे दुखतात म्हणून लॅपटॉप घेऊन बसलेय. डोकं दुखत असंल तर आत्ता वाचू नको, उद्या वाच.

तर हो, घेते. औषध म्हणून, वैद्यांनी लिहून दिलेलं. आयुर्वेदात तिला विजया म्हणतात, नाव किती भारदस्त बघ. बोटाएवढी काळी बाटली, ड्रॉपर, आत हिरवट काळं तेल, वास एकदम पावसात भिजलेल्या कडब्याचा. वर इंग्रजी आणि हिंदीत छापलंय की वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यावं. आणि ते खरं आहे हे मी दुसऱ्याच आठवड्यात शिकले. रात्री तीन थेंब जिभेखाली धरायचे सांगितले होते, अर्धा तास झाला काहीच होईना म्हणून मी शहाणीनं आणखी सहा घेतले. पोटात गेलेलं औषध चढायला तास-दोन तास लागतात हे कुणाला माहीत. नऊच्या सुमाराला जे सुरू झालं माय, छाती धडधड, तोंड कोरडं, सासूबाईंचा हरिपाठ चालू होता तो मला वाटलं कालपासूनच चालूय. पोरगं सातचा पाढा विचारायला आलं तर मला सात पंचेचं पुढचं आठवंना. गणिताची बाई मी! यांनी रात्रभर उशाशी बसून पाणी पाजलं आणि सकाळी एकच वाक्य बोलले, "शिवरात्र तर होऊन गेली."

आता कामाचं. अर्धशिशीनं माझं डोकं कसं दुखायचं तुला माहीतच आहे, डीएडला असताना तू बादली धरायचीस. तेच नंतर वाढत गेलं. फळ्यावर लिहिता लिहिता उजवीकडची अक्षरंच गायब व्हायची, मग डोळ्यात ती नागमोडी चमचम, आणि वीस-पंचवीस मिनिटांनी घण सुरू. पत्र्याची शाळा, एप्रिलचं ऊन, चाळीस लेकरं. सुंठीचा लेप झाला, सकाळी सूर्य उगवायच्या आत दूध-जिलेबी झाली (वजन तेवढं वाढलं), नाकात तूप झालं. आणि गोळ्या. मेडिकलवाल्याकडून पट्टीच आणून पर्समध्ये, दुखो न दुखो, दुखंल या भीतीनं घ्यायची.

मग संभाजीनगरला मेंदूच्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी पहिल्यांदा औषध नाही दिलं, वही लिहायला लावली. रोज काय खाल्लं, कधी झोपले, दुखलं का, कोणती गोळी. महिनाभरानं मीच मोजलं तर सतरा दिवस गोळी! ते म्हणाले साधी वेदनाशामक महिन्यात पंधरा दिवस आणि मिश्र गोळ्या किंवा ट्रिप्टान (अर्धशिशीचीच खास गोळी) दहा दिवस, त्याच्यावर महिनोन्‌महिने गेलं की गोळीच डोकं दुखवायला लागते. म्हणजे मी दुखणं थांबवायला जे घ्यायले तेच दुखणं वाढवायलंय. त्याच वहीत आणखी एक दिसलं, संकष्टीच्या दुसऱ्या दिवशी हमखास अटॅक. उपाशी पोट. आता चतुर्थी धरत नाही, सासूबाई चार दिवस बोलल्या नाहीत.

त्यांनी गोळ्या बंद केल्या आणि प्रोप्रॅनोलॉल सुरू केली, ती बीपीचीच गोळी, पण अर्धशिशी येऊ नये म्हणूनही देतात. बंद केल्यावरचे तीन आठवडे विचारू नको. त्या काळातच झोप उडाली म्हणून वैद्यांकडं गेले आणि विजया सुरू झाली. आता महिन्यात चार-पाच दिवस दुखतं, उलटी जवळपास नाही, झोप लागते. सगळे म्हणतात भांगेनं बरी झाली. मला तसं वाटत नाही सुमे. गोळ्या सुटल्या, उपवास सुटला, प्रोप्रॅनोलॉल चालू झाली आणि हे थेंब, सगळं एकाच वेळेला, त्यात कुणाचं किती हे मला काही सुधरना. झोपेचं श्रेय थेंबांना देईन, बाकीचं नाही.

डॉक्टरांपासून लपवलं नाही, तूही लपवू नको. मला वाटलं ओरडतील, पण त्यांनीच सांगितलं की हे काही नवं नाही. 1839 साली कलकत्त्यात ओशॉनेसी नावाच्या गोऱ्या डॉक्टरनं आपल्याकडं बघून याचे प्रयोग केले, ते विलायतेत गेलं, आणि 1892 च्या पुस्तकात ऑस्लरसारखा मोठा डॉक्टर अर्धशिशीला हेच द्या म्हणत होता. पुढं अमेरिकेनं 1942 ला औषधांच्या अधिकृत यादीतून काढलं. अलीकडं कॅलिफोर्नियात 92 जणांवर नीट तपासलं, वाफ ओढायला दिली, दोन तासांनी आराम पडला 67 टक्क्यांना, आणि नुसती खोटी वाफ दिलेल्यांतही 47 टक्क्यांना! म्हणजे फरक आहे, पण खोट्यानंही निम्म्यांना बरं वाटलंय. आणि ती मोजून मापून दिलेली वाफ, माझं पानांचं तेल, दोन्ही एक नाही. वर हेही म्हणाले की रोज घेणाऱ्यांत गोळ्यांसारखंच उलटायची भीती दिसलीय. म्हणून मी आता आठवड्यात तीनच रात्री घेते.

भाऊजी यात्रेतून पुडी आणून देतो म्हणतायत असं लिहिलंस. अजिबात नको. अमली पदार्थांच्या 1985 च्या कायद्यात भांगेच्या झाडाचे शेंडे-फुलं म्हणजे गांजा, तो गुन्हा. नुसती पानं त्यात येत नाहीत म्हणून वैद्य चिठ्ठीवर देऊ शकतात. पुडीत काय असतं कुणी बघितलंय? किलोच्या आतला असला तरी वर्षापर्यंत शिक्षा आहे, आपली झेडपीची नोकरी आहे बाई.

आणि एक, रागावू नको. तुझ्या दादाला ते आवाज ऐकू यायचे, घाटी दवाखान्यात ठेवलं होतं, आठवतंय ना? ज्यांच्या घरात असं आहे त्यांनी याच्या वाटेला जाऊच नये. वैद्यांनी मला पहिला प्रश्न हाच विचारला होता. म्हणून तुला थेंब पाठवत नाही, वही पाठवतेय, शंभर पानीच आहे, रकाने आखून दिलेत. आधी गोळ्यांचे दिवस मोज. तू कमी सांगशील हे मला माहीत आहे, म्हणून पट्ट्यांची रिकामी पाकिटं टाकू नको, डब्यात ठेव.

शुक्रवारी फोन कर, पण नऊच्या आत. थेंबांच्या रात्री नंतर बोललीस तर हो हो म्हणेन, आणि सकाळी काय बोललीस तेच आठवणार नाही.

तुझीच,
मंदा