समोरचा कुठला?

प्रिय मिलिंद,

पणजीला गेल्यावर पोकरच्या टेबलावर बसल्या बसल्या ‘आप कहाँ से?’ असं विचारून काही पदरात पडतं का, असा तुझा प्रश्न. पडतं, पण थोडंच. माझा ढोबळ हिशेब असा की माणसाचं गाव किंवा देश कळणं म्हणजे त्याचे वीस डाव बघितल्यासारखं. तेवढंच वजन द्यायचं, आणि मोठ्या पॉटमध्ये (मध्ये जमलेल्या पैशात) त्याच्या भरवशावर चिप्स ढकलायच्या नाहीत.

गावामुळे खेळ अंगात येत नाही. माणूस कुठला पत्त्यांचा खेळ आधी शिकला आणि कोणासमोर बसून शिकला, याचा अंदाज मात्र गावावरून थोडाफार येतो. आपल्याकडे बहुतेकांचा पहिला खेळ तीन पत्ती. त्यात पाने एकदाच वाटली जातात, नंतर काही यायचं नसतं. त्यामुळे ‘येणाऱ्या पानाची किंमत किती’ हा प्रश्नच तिथे पडत नाही. असा माणूस होल्डेमला (पोकरचा प्रकार: दोन पाने हातात, मग टेबलावर आधी तीन, फ्लॉप; नंतर एक, टर्न; शेवटी एक, रिव्हर) बसला की बदामाची चार पाने जमली, पाचव्याने फ्लश होईल म्हणून वाट्टेल तो भाव देतो. हे पैशात मांडून बघ. टर्नला पॉट 2000, तू 1500 लावलेस. त्याला 1500 देऊन 5000 मिळायची आशा, म्हणजे 30 टक्के संधी हवी. उरलेल्या 46 पानांत बदाम 9, म्हणजे 19.6 टक्के. रिव्हरची बेट सोडून दिली तरी प्रत्येक कॉलमागे (समोरची बेट भरून खेळत राहण्यामागे) तो सरासरी 500 हून जास्त घालवतो. म्हणून अशा माणसासमोर टर्नला हात आखडायचा नाही. आणि बदाम आलाच, त्याने मोठी बेट लावली, तर निमूट पाने टाकायची. इथे लोक चुकतात. आधी भाव बरोबर लावतात आणि पान लागल्यावर ‘हा काहीही खेळतो’ म्हणून पैसेही भरतात.

मकाऊकडून आलेला खेळाडू शॉर्ट डेकवर तयार झालेला असू शकतो. त्यात दुऱ्या ते पंजे काढून 36 पानांवर खेळतात आणि फ्लश फुल हाउसच्या (तीन एकसारखी आणि एक जोडी) वर धरतात. तिथे एक्का-राजा आणि गुलाम-दहा यांत फ्लॉपआधी फारसं अंतर नसतं. त्यामुळे सगळा स्टॅक (समोरच्या सगळ्या चिप्स) आत घालण्याचं भय कमी होतं, आणि ती सवय 52 पानांच्या टेबलावरही डोकावते. जुन्या अमेरिकन खेळाडूचं वेगळं. 15 एप्रिल 2011 ला तिथल्या सरकारने बड्या ऑनलाइन पोकर साइटवर टाच आणली, त्यानंतर अनेकांना कार्डरूमशिवाय सोय उरली नाही. पन्नाशीपुढचा, लिम्प करत (भाव न वाढवता किमान पैसे भरत) बसणारा, आणि रिव्हरला एकदम रेझ करणारा (भाव वाढवणारा) असा कोणी भेटला, तर ती रेझ खरी धर.

आता ज्यावर कवडीही लावू नये ते. ‘स्कँडिनेव्हियन म्हणजे वेडे आक्रमक’ ही ख्याती गस हॅन्सन (डेन्मार्क), पॅट्रिक अँटोनियस (फिनलंड), व्हिक्टर ब्लोम (स्वीडन) अशा मोजक्या नावांची. ब्लोम आणि अँटोनियस यांच्यात नोव्हेंबर 2009 मध्ये साडेतेरा लाख डॉलरचा पॉट झाला, अँटोनियसने तो जिंकला, आणि त्या तीन देशांतल्या दोन कोटींवर माणसांच्या कपाळी शिक्का बसला! शितावरून भाताची परीक्षा होते, कारण सगळी शितं एकाच भांड्यात शिजलेली असतात. इथे तसं काही नाही. शिवाय गोव्यापर्यंत आलेला स्वीडिश माणूस मुळातच सरासरी स्वीडिश नव्हे. तो एक तर सुट्टीवर आलेला पर्यटक, नाहीतर स्पर्धेसाठी फिरणारा खेळाडू, आणि या दोघांच्या खेळात जमीन-अस्मानाचा फरक. दिल्लीवाला ब्लफ मारतो, गुजराती मुठी झाकून बसतो, बंगळुरूचा गणित करतो, या टेबलावरच्या गप्पाही त्याच मापाच्या. 2025 च्या कायद्याने आपल्याकडे पैशाचा ऑनलाइन खेळ बंद झाल्यावर तर कुठल्याही शहरातला गप्प बसलेला पोरगा ऑनलाइन लाखभर डाव खेळून आलेला असू शकतो.

त्यापेक्षा पहिल्या अर्ध्या तासात तीन गोष्टी बघ. किती चिप्स घेऊन बसला: शंभर बिग ब्लाइंड (डाव सुरू होताना सक्तीने भरायची रक्कम) पूर्ण घेऊन, खाली आल्यावर लगेच भर घालणारा, की चाळीस घेऊन रेटणारा. पहिली रेझ किती: सव्वादोन-अडीच ब्लाइंडची असेल तर ऑनलाइन शाळेतला, पाच-सहाची असेल तर लाइव्ह टेबलावर मुरलेला. तिसरी गोष्ट म्हणजे किती डावांत स्वतःहून पैसे घालतो. ती मोज, नुसती बघू नकोस.

लाइव्ह टेबलावर तासाला पंचवीस-तीस डाव होतात. समज, गावावरून तुला वाटलं की हा 40 टक्के डाव खेळत असेल. वीस डावांचं वजन दिलं की ते झाले 8. मग तासाभरात 30 डावांत तो 4 खेळला. बेरीज 50 पैकी 12, म्हणजे 24 टक्के. एका तासात तुझा सैल माणूस बराच घट्ट झाला. आणखी 30 डावांत 5 खेळला तर 80 पैकी 17, म्हणजे 21. गावाचा प्रभाव असा आपोआप विरत जातो, जर तू मोजत असशील तर. उलट बाजूने, नुसत्या 30 डावांवरही उड्या मारू नकोस. 25 टक्के खेळणारा माणूस नशिबाच्या फेऱ्यात 10 टक्क्यांचाही दिसतो आणि 40 चाही.

डोळ्यांना फसवणारी आणखी एक गोष्ट. उघडी झालेली पानेच आपल्याला दिसतात, टाकलेली नाहीत. कोणी राजा-सत्तीने ब्लफ उघडा केला की टेबलभर चर्चा होते. त्याच माणसाने त्याआधी चाळीस वेळा गुपचूप पाने टाकली, ती कोणाच्या लक्षात राहत नाहीत. आधीच ‘हा अमुक ठिकाणचा’ म्हणून ठरवलं असेल तर तो एक ब्लफ पुरावा म्हणून पुरतो. म्हणून टिपताना ‘पंजाब, सैल’ असं लिहू नकोस. ‘सीट 3, लिम्प करून रेझला कॉल, राजा-नव्वी वेगवेगळ्या रंगांची, दोनदा’ असं लिही. उठून बाहेर जाशील तेव्हा फोनमध्ये टिप, टेबलावर बसून नको. डाव चालू असताना फोन हातात घेतला तर डीलर टोकेलच.

गावाचा अंदाज वापरायचाच तर स्वस्त जागी वापर. लिम्प करणाऱ्यावर रेझ चारची करू की सहाची, मधल्या जोडीवर रिव्हरला छोटी बेट लावू की नको, असल्या ठिकाणी. चुकलास तरी पाच-सात ब्लाइंडचा खड्डा. पण रिव्हरला पॉटएवढी बेट समोर आली, तर कॉल फायद्याचा ठरायला तीनपैकी एकदा तरी तू बरोबर असायला हवास. त्या वेळी ‘हा हैदराबादचा आहे’ यावरून तो आकडा काढता येत नाही. त्या डावात त्याने फ्लॉप आणि टर्नला काय केलं, त्यावरून येतो. तिथे काही दिसत नसेल तर पाने टाक.

गाव जरूर विचार, गप्पा मारायला बरं. फक्त ‘तुमच्याकडचे लोक असंच खेळतात’ हे तोंडातून जाऊ देऊ नकोस. एक तर समोरच्याचा अपमान, दुसरं म्हणजे तू त्याच्याबद्दल काय धरून बसलायस ते त्याला फुकटात कळतं, आणि चांगला खेळाडू पुढच्याच डावात त्याच्या बरोबर उलटं खेळतो.

कॅश खेळणार आहेस की स्पर्धा, ते कळव. स्पर्धेत टेबल बदलत राहतात, तिथे साठ डाव एकासमोर मिळतीलच असं नाही, तेव्हा मोजायची पद्धत थोडी वेगळी लिहून पाठवतो.

तुझा,
विनय