प्रौढांना चित्रफितीपेक्षा अभिप्राय हवा

संपादक महोदय,

नोकरदार प्रौढांसाठी ऑनलाइन व्यावसायिक अभ्यासक्रम काढण्याची सध्या अहमहमिका लागली आहे. परंतु त्यांतील अनेकांत व्याख्यानाचे चित्रीकरण आणि शेवटी काही बहुपर्यायी प्रश्न, यापलीकडे फारसे काही नसते. प्रौढ व्यक्ती स्वतःचा अनुभव गाठीशी घेऊन शिकायला बसते आणि शिकलेले आपल्या कामात कुठे उपयोगी पडेल, हे तिला आधी कळावे लागते, असे अमेरिकी प्रौढशिक्षणतज्ज्ञ माल्कम नोल्स यांनी विसाव्या शतकातच मांडले होते. तरीही पहिला घटक अजून व्याख्या आणि इतिहास यांतच खर्ची पडतो.

त्याऐवजी सुरुवात कामातल्या प्रसंगाने करावी. तक्रार-निवारण शिकवायचे असेल, तर चिडलेल्या ग्राहकाचे पत्र समोर ठेवून प्रत्येकाकडून उत्तराचा मसुदा लिहून घ्यावा, दोघा सहाध्यायांनी तो तपासावा आणि नेमके कोणते वाक्य आगीत तेल ओतते, हे शिक्षकाने दाखवावे. सिद्धान्त त्यानंतर सांगावा. उजळणीही एका बैठकीत न उरकता काही दिवसांच्या अंतराने घ्यावी. अशा उजळणीचा फायदा स्मरणशक्तीचा अभ्यास करणारे जर्मन मानसशास्त्रज्ञ हेर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्येच दाखवून दिला होता.

चित्रीकरणासाठी पैसा मिळतो, स्वाध्याय वाचून अभिप्राय लिहिणाऱ्या शिक्षकासाठी मात्र हात आखडता घेतला जातो. मधेच गळणाऱ्यांना आळशी ठरवणे सोपे आहे. पण कामाची पाळी संपवून रात्री मोबाइलवर अभ्यास करणाऱ्याला मुदतीत थोडी सवलत द्यायला काय हरकत आहे? प्रमाणपत्रापूर्वी प्रत्येकाचे निदान एक काम शिक्षकाने स्वतः वाचलेले असावे, अशी अट संस्थांनी स्वतःहून घालावी.

– एक प्रशिक्षक