सात की आठ

गुरुवार, रात्री उशिरा

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

परवा फोन ठेवताना तू म्हणालीस, "बाबा, तुम्हाला ऐकून घ्यायचंच नसतं." आई शेजारीच होती. तिला मी सांगितलं, फोन कट झाला. तिने माझ्याकडे नुसतं पाहिलं. खोटं तिला लगेच कळतं, तुझ्यासारखंच.

झालं असं की तू घ्यायला निघालेल्या नव्या रायफलच्या काडतुसाबद्दल "सात" एमएम म्हणालीस आणि मला "आठ" ऐकू आलं. मग मी दहा मिनिटं आठ एमएम माउझर या जुन्या जर्मन काडतुसाचा इतिहास सांगत बसलो, थेट 1888 पासूनचा. तू मध्ये दोनदा "सात, बाबा, सात" म्हणालीस म्हणे. तिसऱ्यांदा ओरडलीस तेवढं पोचलं. म्हणून आता कागद घेतलाय. कागदावर सात हा सातच राहतो.

रायफलचा फोटो मोठा करकरून पाहिला. निवड चांगली आहे, हे आधी लिहून टाकतो, नाहीतर पुढच्या कटकटीत राहून जाईल. स्टेनलेसची नळी, कार्बन फायबरचा दस्ता, दुर्बिणीशिवाय 2.4 किलो, आणि बोल्टची, म्हणजे काडतूस आत सरकवणाऱ्या दांड्याची, मूठ डावीकडे. शेवटी मिळाली तुला डावखुऱ्यांची! लहानपणी माझ्या रायफलचा बोल्ट ओढायला तू हात पलीकडे घालायचीस आणि दर वेळी गाल दस्त्यावरून उचलायचीस, ते आठवलं. तरी पन्नास मीटरवर पाच गोळ्यांची भोकं एका नाण्याखाली झाकली होतीस, त्या छोट्या पॉइंट टू-टूने. ते नाणं अजून निळ्या पेटीत आहे.

नळीच्या तोंडाला जो भोकांचा डबा लावलाय, त्याबद्दल आज बोलणार नाही.

दस्त्याबद्दल तू बरोबर होतीस. माझी जुनी रायफल, थर्टी-ऑट-सिक्स, अक्रोडाच्या लाकडाच्या दस्त्याची. दोन दिवस पावसात भिजली, लाकूड फुगलं, नळीला एका बाजूने टेकलं, आणि दोनशे मीटरवरचा नेम वीतभर डावीकडे गेला. मी दुर्बिणीला दोष देत राहिलो. हलक्या रायफली म्हणजे नाजूक खेळणी असंच मला तेव्हा वाटायचं. पण 1980 च्या दशकात मेल्विन फोर्ब्स या अमेरिकन बंदूककाराने केव्लार या कृत्रिम धाग्याचे दस्ते घालून सव्वादोन-अडीच किलोच्या रायफली करून दाखवल्या, आणि त्या नेमाला पक्क्या होत्या. तेव्हा तो वाद तू जिंकलीस. एकच कर: कागदाची पट्टी नळी आणि दस्त्याच्या मधून पुढून मागे सरकवत ने. अडली नाही पाहिजे. मग रायफल टेकवून, पुढच्या टोकाला थोडा दाब देऊन पुन्हा सरकव. स्वस्त प्लास्टिकचे दस्ते इथेच वाकतात. तुझा वाकणार नाही, पण बघ.

आणि स्टेनलेस म्हणजे गंजत नाही असं समजू नकोस. गंज उशिरा येतो, एवढंच. नळीच्या त्या पोलादात क्रोमियम बारा-चौदा टक्के असतं. बोल्टमधली स्प्रिंग, दुर्बिणीचे स्क्रू हे बहुतेक साधेच. भिजलीस की तंबूत शिरल्यावर आधी बोल्ट काढून पुसायचा, मग स्वतःचे मोजे. थंडीत बोल्टमध्ये जाड तेल ठेवू नकोस, ते घट्ट होतं, पिन सुस्तावते आणि काडतूस पेटत नाही. पावसात नळीच्या तोंडावर साधी चिकटपट्टी लाव, तिच्यातून गोळी खुशाल झाडता येते, नेम हलत नाही. अर्थात नळीच्या तोंडाला डबा असेल तर बाजूच्या भोकांतून पाणी आत जाणारच, मग पट्टी कुठे-कुठे लावणार?

बघ, म्हटलं होतं बोलणार नाही.

बरं, मग बोलतोच. तू म्हणालीस सात एमएम मॅग्नम, 1962 पासूनचं नावाजलेलं काडतूस, लांब जातं, वाऱ्याला कमी बधतं. सगळं खरं. पण त्यात जवळजवळ चार ग्रॅम दारू जळते. सेव्हन-एमएम-झिरो-एट या लहान काडतुसात पावणेतीनच्या आसपास. गोळीचा व्यास तोच. 450 मीटरवर ताशी 16 किलोमीटरचा आडवा वारा मॅग्नमच्या गोळीला साधारण 40 सेंटिमीटर ढकलतो, लहान काडतुसाच्या चांगल्या लांबट गोळीला 47 च्या आसपास. म्हणजे तू एवढं सगळं चार बोटांसाठी विकत घेतेयस. आणि वारा ओळखण्यात माणूस चुकतो तो चार बोटांनी नाही, हातभर चुकतो. मागच्या हंगामात समोर उभं जनावर तू सोडून दिलंस, कारण दरीतलं गवत एकीकडे लवत होतं आणि कड्यावरचं दुसरीकडे. आईने ते फोनवर ऐकून मला सांगितलं. मी त्या दिवशी दोनदा चहा मागितला, एवढंच तिला दिसलं. मला जे वाटलं ते मी तुला कधी सांगितलं नाही. आता सांगतो: तसं जनावर मी सोडलं नसतं.

तर धक्का. तेच काडतूस चार किलोच्या रायफलऐवजी तीन किलोच्या रायफलमधून झाडलं, तर धक्क्याची ऊर्जा तिसऱ्या हिश्शाने वाढते. हे गणित कुणाची भीड ठेवत नाही. तुझी रायफल दुर्बिणीसकट तीन किलो, वर मॅग्नम. खांद्याला तू घाबरत नाहीस, मला माहीत आहे, पण डोळा घाबरतो. तो आपल्याला न विचारता मिटतो. म्हणून विकणारे तो डबा लावून देतात, मझल ब्रेक. धक्का निम्म्यापर्यंत कमी होतो, दुर्बिणीतून गोळी लागलेली दिसते, सगळे खूश. कारण वायू पुढे जायचा तो बाजूला आणि मागे वळतो. मागे कोण असतं? तू असतेस.

साध्या रायफलचा आवाजच 160 डेसिबलच्या वर जातो, आणि एकाच दणक्याने कान दुखावण्याची सीमा धरतात 140 ची. ब्रेक त्यात नेमबाजाच्या कानाशी आणखी पाच-दहा घालतो. दहा म्हणजे थोडे वाटतात, पण त्यात हवेचा दाब तिप्पट होतो.

मी भाषण द्यायला लागलो. माफ कर. तू पस्तिशीची बाई आहेस, तुझे पैसे, तुझा खांदा.

पण एक गोष्ट तुला सांगितलेली नाही. तीन वर्षांपूर्वी आपण दोघं वर गेलो होतो तेव्हा तू कड्यावरून शिट्टी दिलीस. दोन बोटं तोंडात घालून, तीच ती लहानपणची. मी खाली दोनशे पावलांवर खडकाला टेकून बसलो होतो. तू तीनदा शिट्टी दिलीस आणि मी वळलो नाही म्हणून घसरत, धावत खाली आलीस. तुझा चेहरा पांढरा पडला होता. मी म्हटलं, वारा होता गं. त्या दिवशी गवताचं पातंही हलत नव्हतं, मनू. मला शिट्टी ऐकूच आली नाही.

तू शाळेत असताना मी एका मित्राची रायफल उसनी नेली होती. हलकी, मॅग्नम, ब्रेकवाली. पाऊस लागला म्हणून कपारीखाली बसलो आणि तिथूनच तीन गोळ्या झाडल्या. कानातले बोळे खिशात होते. शिकारीत गोळी एखादीच झाडायची, तिला काय बोळे, अशी आमची पद्धत. डोक्यावर दगड, मागे दगड. त्या संध्याकाळपासून डाव्या कानात एक रातकिडा बसलाय, तो उठलेला नाही. डॉक्टरांनी आलेख दाखवला. रेघ बरी चालत येते आणि 4000 हर्ट्झपाशी खड्ड्यात पडते. स, श, फ, त, शिट्ट्या, पाखरं, सगळं त्या खड्ड्यात. आतल्या त्या केसासारख्या पेशी माणसाला पुन्हा येत नाहीत. उजव्या खांद्यावरून झाडणाऱ्याचा डावा कान नळीच्या तोंडाकडे असतो, म्हणून डावा आधी जातो. तू डावखुरी, तुझा उजवा जाईल.

तेव्हा मला ऐकून घ्यायचं असतं गं. ऐकू येत नाही.

आता काय कर, ते लिहितो, पटलं तर घे. तीच रायफल सेव्हन-एमएम-झिरो-एट किंवा 6.5 क्रीडमोर अशा कमी धक्क्याच्या काडतुसासाठी मिळते का विचार. ब्रेक लागणारच नाही. नळीच्या तोंडाला आटे पाडलेले आणि वर टोपण, एवढंच माग. तुझ्याकडे कायद्याने चालत असेल तर पुढे त्याच आट्यांवर सप्रेसर, म्हणजे आवाज दाबणारं नळकांडं, बसेल. वजन अडीचशे-तीनशे ग्रॅम वाढतं, लांबी वीतभर, पण आवाज वीस-तीस डेसिबलने उतरतो आणि धक्काही. काही देशांत तो सर्रास वापरतात, काही ठिकाणी परवाना लागतो, काही ठिकाणी बंदीच. आधी तपास. मॅग्नमच घ्यायची असेल तर घे, पण कानात बोळे आणि वरून कान झाकणारे मफ, दोन्ही. डोंगरात बारीक आवाज वाढवून देणारे आणि दणका अडवणारे मफ मिळतात, तुझ्या पाठपिशवीत त्यांना जागा आहे, मी फोटोत पिशवीही पाहिली. सरावाला ब्रेक आणि शिकारीला काढला, असं मात्र करू नकोस. काढला की गोळी दुसरीकडे पडते, नेम पुन्हा बांधावा लागतो.

चाप किलोभराच्या दाबाला सुटेल असा ठेव. एवढ्या हलक्या रायफलला जड चाप असला तर बोट अख्खी रायफलच ओढतं. पातळ नळी तीन गोळ्यांत तापते, मग थांबायचं. पाच दिवस रोज एकच गोळी, थंड नळीतून, एकाच कागदावर. तो कागद मला पाठव. निळ्या पेटीत जागा आहे.

डब्याचे पैसे देऊन झाले असतील तर ते मी देतो. आईला सांगू नकोस. म्हणजे कानाचं सांगू नकोस असं लिहिणार होतो, पण ते तिला माहीत असणार. ती हल्ली माझ्या उजव्या बाजूलाच बसते.

रविवारी फोन कर, मी उजव्या कानाला लावीन. आणि सात घेतलीस की आणखी काही, ते आधी लिहून पाठव.

तुझा,
बाबा